चाळणीचा सत्कार

गोलकीपरचे हातमोजे क्लबाच्या धोबीघरात कधी येत नसत. बाकी सगळं यायचं. घामानं आंबलेल्या जर्सी, चिखलानं कडक झालेल्या चड्ड्या, कशाचा कशाला मेळ नसलेले मोजे, डॉक्टरांच्या टेबलावरच्या चादरी, आणि एकदा तर अध्यक्षांच्या घरचे पडदेसुद्धा आले होते. हातमोजे मात्र नाहीत. ते गोलकीपर स्वतः धुतात, अंघोळ करताना, हातात घालूनच, नळाच्या साध्या पाण्याखाली. असा नियम कुठं भिंतीवर लावलेला नव्हता. एका गोलकीपरनं दुसऱ्याला सांगायचं, त्यानं तिसऱ्याला, असा तो चालत आलेला. असं का, ते धोबीघरात येऊन कुणी सांगितलं नाही आणि मावशीनं कधी विचारलं नाही. तिला तो निव्वळ नखरा वाटायचा. अकरा जणांत एकट्यालाच बॉल हातात धरायची मुभा, मग मिजास असायचीच, असं ती म्हणायची. तिच्या हातून गोलकीपरचे हातमोजे धुतले गेले ते आयुष्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा तिनं ते मायेनं धुतले.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. नवऱ्याच्या माघारी ती क्लबात कपडे धुवायला लागली, पहिल्याच दिवशी कुणीतरी मावशी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता नवी पोरं आजी म्हणायला लागली होती, पण ते तिला फारसं आवडत नसे. धोबीघर उत्तरेच्या स्टँडच्या पोटात होतं. खिडकी नाही. दोन मशीन, त्यांतलं एक थरथरत पुढं सरकायचं म्हणून त्याला विटांची अडण लावलेली. कोपऱ्यात बॉयलर आणि बॉयलरमधून निघून छताकडे गेलेला जाड पाईप, ज्यावर सगळं वाळायचं. डोक्यावर काँक्रीटच्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर माणसं. इतक्या वर्षांत मावशीनं एकही सामना धड पाहिला नव्हता, पण ऐकलेले सगळे होते. आपला गोल झाला की छत हादरायचं. समोरच्यांचा झाला की पलीकडच्या टोकाहून बारीक ओरडा यायचा आणि डोक्यावर काहीच नाही. आणि आपल्याच माणसानं आपल्याच लोकांना निराश केलं तर आधी सगळं गप्प, मग कुठूनतरी एक हुर्यो, मग साऱ्या स्टँडची हुर्यो. ती ओळखायला तिला क्षणही लागत नसे.

निराशेला त्या क्लबात तोटा नव्हता. दोरखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांनी तो काढलेला. जर्सीवर अजून दोराची गाठ आहे. कारखाना बंद पडला, त्याच्या जागी गाड्या धुवायचं केंद्र आलं, पण क्लब राहिला. राहिला तो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. दोनदा तिसरीत घसरला आणि दोनदा धापा टाकत वर आला. पहिलीत कधीच गेला नाही. मोठ्या क्लबांचा इतिहास करंडकांच्या कपाटात असतो. ह्यांच्या कपाटात एक पितळी ताट होतं, तेही कुठल्याशा चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेलं, आणि उरलेल्या जागेत झाडूवाल्याचं सामान. खेळाडू चांगला निघाला की विकला जायचा, वाईट निघाला की इथंच म्हातारा व्हायचा. तरी दर शनिवारी माणसं यायची. बाप मुलाला घेऊन यायचा, मग तो मुलगा त्याच्या मुलाला. का येता म्हणून विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं.

फक्त एकदा दार किलकिलं झालं होतं. हंगामाचा शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर, आणि नुसती बरोबरी पुरत होती. बरोबरी झाली की पहिली डिव्हिजन. गोलमध्ये होता मावशीचा एकुलता एक मुलगा. तान्हा असताना जर्सींच्या टोपलीत झोपलेला, चालायला लागला तो ह्याच गवतावर. लोक त्याला 'भिंत' म्हणायचे. त्याच्या नावाचा गजर डोक्यावर सुरू झाला की मावशी मशीन बंद करून ऐकत बसायची.

त्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिनं त्याच्या पिशवीत डोकावलं आणि तिला शिसारी आली. हातमोजे काळेकुट्ट आणि कुबट वासाचे. उद्या अख्खं शहर बघणार, आणि पोरगा हे असले घालून उभा राहणार? तिनं ते गुपचूप उचलले, कढत पाण्यात घातले, एरवी थेंब थेंब वापरायची ते कपडे मऊ करायचं औषध सढळ हातानं ओतलं आणि बॉयलरच्या पाईपवर वाळत टाकले. सकाळी ते नव्यासारखे दिसत होते. संघ मैदानात उतरताना बोगद्याच्या तोंडाशी तिनं ते त्याच्या हातात दिले. दुसरी जोडी त्या काळी तिथं कुणाकडेच नसायची. त्यानं हातमोजे घातले, तळव्यावर तळवा घासला, थुंकून पुन्हा घासला. मग तिच्याकडे पाहिलं.

"छान झालेत, आई," तो म्हणाला आणि पळत बाहेर गेला.

सामना संपत आला तोवर गोल नव्हता. मग अर्ध्या मैदानावरून कुणीतरी वैतागून मारलेला एक मरतुकडा बॉल आला. त्यानं तो वाकून दोन्ही हातांत घेतला, लोकांनी सुस्कारा सोडला, आणि साबणाची वडी निसटावी तसा तो हातांतून निसटला, पायांमधून मागं गेला आणि रेघेच्या जेमतेम पलीकडे जाऊन थांबला. खाली मावशीला पलीकडच्या टोकाचा बारीक ओरडा ऐकू आला. डोक्यावर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशीपासून भिंतीची चाळण झाली. पुढच्या हंगामात कुणी महाभाग घरून पिठाची चाळण घेऊन आला आणि चमच्यानं वाजवत बसला. त्याच्या पुढच्या सामन्याला शंभर चाळणी आल्या. "चाऽळण! चाऽळण!" पोराला संघातून काढलं. तो कुठल्या तरी गावच्या क्लबात थोडे दिवस खेळला, तिथंही चाळणी पोचल्या, आणि त्यानं खेळणं सोडलं. लग्न ठरत आलं होतं, तेही मोडलं. मुलीचा सख्खा भाऊच स्टँडमध्ये चाळण घेऊन बसायचा. शेवटी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला टायरच्या गोदामात लागला आणि त्यानं सगळ्या शनिवारांची ड्यूटी मागून घेतली, कारण घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर होतं आणि आवाज थेट आत यायचा.

वीसेक वर्षं अशी गेली. घरात मायलेक दोघंच. चाळण त्या घरात नव्हती. मावशी पीठ न चाळताच वापरायची. तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. कुणी काही हातात द्यायला लागलं तर म्हणायचा, "ठेवा तिथं, घेतो मी." हे पाहून मावशीचा जीव तुटायचा. पण बोलायची सोय नव्हती, कारण तो विषय निघाला की तो उठून जायचा.

बाहेर मात्र चाळणीचं भलतंच झालं. राग कधीचा विरला, आवाज तेवढा मागं राहिला. समोरच्या गोलकीपरला पिडायला चाळणी वाजू लागल्या, मग गोल झाला म्हणून, मग उगाचच. क्लबाच्या दुकानात दोराची गाठ छापलेल्या प्लास्टिकच्या चाळणी विकायला आल्या. तान्ह्या पोरांच्या हातात खुळखुळ्याऐवजी चाळण दिसायची. नव्या लोकांना हा कुणा माणसाचा उद्धार आहे हे ठाऊकही नव्हतं. ज्याच्या नावानं हा गोंधळ चालला होता त्याला मात्र राग विरल्याचं कुणी जाऊन सांगितलं नव्हतं, आणि सांगून पटलं असतं असंही नाही.

मग क्लबाची पंचाहत्तरी आली. मॅनेजर नवा होता, तरुण होता आणि मनानं चांगला होता. चांगल्या मनाची माणसं कधीकधी फार छळतात. तो धोबीघरात आला, विटांवर बसला आणि म्हणाला, "मावशी, एक मस्त कल्पना आहे. सामना सुरू होण्याआधी तुमच्या मुलाला मैदानात आणायचं. आपला जुना सेंटर फॉरवर्ड, तोफ, तो हळूच बॉल मारेल. ह्यांनी तो पायांमधून जाऊ द्यायचा, तेव्हासारखा. लोक वेडे होतील!"

मावशीच्या हातातला पिळा तसाच राहिला. "लोकांनी त्याची चेष्टा करायची, म्हणून त्याला बोलवायचं?"

"चेष्टा कसली? अहो, लोकांचा जीव आहे त्यांच्यावर. चाळण ही आपल्या क्लबाची ओळख आहे."

"तो माणूस आहे," मावशी म्हणाली.

"म्हणून तर सत्कार करतोय ना!" मॅनेजर म्हणाला. तो अगदी मनापासून बोलत होता.

घरी काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण मनात ठेवायचं तिला कधी जमलं नाही. जेवताना तिनं सांगून टाकलं आणि तो ताटावरून उठून जायची वाट बघत बसली. तो उठला नाही.

"बॉल कोण मारणार म्हणालीस?"

"तोफ. काय ती ढेरी सुटलीय त्याची. जोरात मारायला गेला तर स्वतःच आडवा होईल."

तो हसला. मावशी चमकून बघत राहिली, कारण हे हसू तिच्या ओळखीचं होतं, फक्त फार जुनं होतं.

"आणि मी तो सोडायचा?"

"असं म्हणतात. तू नको जाऊस. मी सांगते त्याला."

"मी पकडणार, आई," तो म्हणाला. "एक बॉल. सगळ्यांच्या समोर एकदा माझ्या हातात थांबू दे. मग त्यांना काय वाजवायचं ते वाजवू देत."

त्यानंतरचे दिवस मावशीच्या आयुष्यातले बरे दिवस होते. जेवणाच्या सुट्टीत तो गोदामाच्या भिंतीवर बॉल मारून झेलायला लागला. घरी यायचा तो बोटं खरचटून, आणि पोटभर जेवायचा. एकदा तिनं टोपलीतलं सफरचंद त्याच्याकडे फेकलं, सहज, विसरून. त्यानं ते एका हातानं झेललं. त्याला तो बॉल मिळू दे, एवढंच तिचं मागणं होतं. तिला लोकांचं काही नको होतं, सत्कारही नको होता. तो बॉल त्याच्या हातात थांबला की पोरगा उरलेलं आयुष्य ताठ मानेनं काढेल, अशी तिची पक्की खात्री होती.

मॅनेजरनं त्याच्यासाठी नवे हातमोजे धाडले. मावशीनं ते हुंगले. रबराचा उग्र वास, आणि पुठ्ठ्यासारखे कडक. हे असे द्यायचे पोराच्या हातात? तिनं ते कढत पाण्यात घातले, औषध सढळ हातानं ओतलं आणि पाईपवर वाळत टाकले. हात लागलाच आहे तर म्हणून सध्याच्या गोलकीपरचीही जोडी न्हाणीतल्या खुंटीवरून काढून आणली आणि धुऊन टाकली. हा गोलकीपर उंचीला इतका की त्याला सगळे शिडी म्हणायचे, आणि त्याचेही हातमोजे बघवत नव्हते.

सत्काराच्या दिवशी ती बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली. वर सगळा स्टँड चाळणी वाजवत होता. मुलगा आला, क्लबाची जुन्या पद्धतीची जर्सी घालून. पोट थोडं सुटलेलं, कानशिलावर पांढरं, पण खांदे तेच. मावशीनं हातमोजे पुढं केले. मऊसूत झाले होते. त्यानं ते घातले. तळव्यावर तळवा घासला. क्षणभर थांबला. मग तळव्यांवर थुंकला आणि पुन्हा घासला. तिच्याकडे पाहिलं.

"छान झालेत, आई," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मावशी डोळे पुसत धोबीघरात परतली, तर तिथं शिडी पाईपपाशी उभा. त्याच्या हातात त्याचेच हातमोजे होते.

"आजी, हे तुम्ही धुतलेत?"

"मग काय तर. बघ कसे लखलखताहेत."

शिडीनं ते हातात चढवले आणि बॉल दोन तळव्यांत धरला. बॉल घसरून खाली पडला. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा पडला. "मेलो," तो म्हणाला. "गेले हे कामातून."

"गेले कसले? घाण होते, स्वच्छ केले."

"अहो, तळव्याला हा रबर असतो ना, सगळी पकड ह्याची. ह्याला ते मऊ करायचं औषध लागलं आणि वरून पाईपची धग बसली की संपलं. काचेसारखा होतो. म्हणून तर आम्ही धोबीघरात देत नाही." मग तिचा चेहरा बघून तो घाबरला. "अहो आजी, दुसरी जोडी आहे माझी. रडताय काय एवढ्याशासाठी?"

मावशीला पळता येत नव्हतं, तरी ती पळाली. बोगद्याच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिचा मुलगा गोलमध्ये उभा होता आणि तोफ बॉल ठेवत होता. ती ओरडली. त्या आवाजात तिचं कोण ऐकणार? तोफेनं दोन पावलं मागं घेतली आणि हलक्या पायानं बॉल ढकलला. बॉल गवतावरून सावकाश आला, शेंबड्या पोरानं धरला असता असा. बाकी सगळ्यांना दिसला तो पायांमधून बॉल सोडायला वाकलेला माणूस. मावशीला दिसलं ते वेगळं. त्यानं एक गुडघा जमिनीला टेकला होता, शरीर पूर्ण बॉलच्या मागं आणलं होतं आणि दोन्ही हात खाली, जवळजवळ, लहानपणी ह्याच गवतावर शिकल्यासारखे. तो पकडत होता. बॉल त्याच्या हातांत आला. तिनं तो आलेला पाहिला. मग तो निसटला, त्याच्या मांडीवर आपटला आणि मागं गेला.

छत कोसळेल असा जल्लोष झाला. लोक उभे राहिले, एकमेकांच्या गळ्यात पडले, चाळणी हवेत उडाल्या. तोफेनं त्याला मिठी मारली. मॅनेजर बोगद्यात नाचत आला. "काय अभिनय, मावशी! गुडघा काय टेकला, काय निसटवला! हुबेहूब!"

मुलगा परत आला. चेहऱ्यावर हसू होतं, बाहेरच्या लोकांसाठी लावलेलं आणि अजून काढायचं राहिलेलं. दोघं धोबीघरात आले. मावशीनं दार लावलं. त्यानं हातमोजे काढून मशीनवर ठेवले. तिनं ते उचलून घट्ट धरले.

"हे निसटतात," ती म्हणाली.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"घातल्याबरोबर कळतं, आई."

"आज?"

तो विटांवर बसला आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

ज्या हातांना सारं शहर हसलं त्या हातांत दोष नव्हताच, आणि हे त्या हातांच्या धन्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोलला असता तर एका वाक्यात सुटला असता. "मग काढून फेकायचे होतेस!" ती ओरडली. "उघड्या हातानं धरायचा होतास! मला चार शिव्या घालायच्या होत्यास!"

"तू समोर उभी होतीस," तो म्हणाला.

मशीनवर हात टेकून ती उभी राहिली. डोक्यावर चाळणी एका तालात वाजू लागल्या होत्या आणि लोक काहीतरी मागत होते. दार वाजलं. मॅनेजरचं डोकं आत आलं, घामानं डबडबलेलं.

"पुन्हा! ऐकतच नाहीयेत हो! आणखी एकदा म्हणताहेत. चला, दोन मिनिटांचं काम आहे, तेच करा. तसंच्या तसं."

मुलगा उठला. त्यानं सवयीनं हातमोज्यांसाठी हात पुढं केला. मावशीनं ते सोडले नाहीत. त्यानं जरा ओढून पाहिले. तिनं छातीशी कवटाळले आणि मान हलवली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे, आणि तसाच, उघड्या हातांनी, मॅनेजरच्या मागं निघून गेला.

ह्या वेळी ती बोगद्याकडे गेली नाही. विटांवर, तो बसला होता त्याच जागी ती बसली आणि छताकडे कान लावला. तो मैदानात पोचल्याचं तिला समजलं, आवाज वाढला होता. तोफ बॉल ठेवत असणार, चाळणींचा ताल जलद झाला. मग आणखी जलद.

आणि सगळ्या चाळणी एकदम थांबल्या.

छत हादरलं नाही. हसणं नाही, जल्लोष नाही. हजारो माणसं डोक्यावर बसलेली असताना पाईपातून पाणी वाहिल्याचं ऐकू यावं, इतकं सगळं गप्प झालं. त्यावरूनच मावशीला कळलं, की त्यानं बॉल पकडला.

मग कुठूनतरी एक हुर्यो आली, आणि मग साऱ्या स्टँडची.